फरक मोजणाऱ्या वाघमारे मॅडम

वाघमारे मॅडमना चांगली बातमी द्यायची म्हणजे आम्ही एकमेकांना पुढे ढकलायचो. वाईट बातमीचं काही नसे. मैदानात पाणी साचलं, चार मुली भांडून घरी गेल्या, पालकसभेला कोणी फिरकलं नाही, हे सगळं त्या शांतपणे ऐकून घेत. पण कोणी हसतहसत येऊन "मॅडम, एक मस्त गोष्ट झाली" म्हणालं, की चष्मा नाकावरून खाली सरकवून त्या अशा बघायच्या, की सांगणाऱ्याला आपण काहीतरी चोरून आणलंय असंच वाटावं.

मी तेव्हा एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या फाउंडेशनमध्ये मुलींची कोच होते, अजूनही आहे. क्लबचे खेळाडू टीव्हीवर झळकायचे. आम्ही त्याच क्लबचे टीशर्ट घालून उल्हासनगर कॅम्प चार, अंबरनाथ पूर्व आणि बदलापूरच्या पुढे डोंगरातली एक वाडी, अशा तीन ठिकाणी मुलींना फुटबॉल शिकवायचो. फुटबॉल हे निमित्त. मुली शाळेत टिकाव्यात, घराबाहेर पडाव्यात, चारचौघांत तोंड उघडावं, हा खरा हेतू. तो हेतू साधतोय की नुसतेच टीशर्ट वाटले जातायत, हे तपासायला फाउंडेशनने वाघमारे मॅडमना नेमलं होतं.

त्या अंबरनाथच्याच. संख्याशास्त्र शिकलेल्या. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात झालेली. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि संस्थांच्या कामाचं मूल्यमापन करायला लागल्या. "आधी रंगाचे डबे तपासायचे, आता माणसं सुधारल्याचे दावे तपासते," असं त्या स्वतःची ओळख करून देताना म्हणत. "माल चांगला आहे हे माल बनवणाऱ्यानं सांगायचं नसतं, वर्षा." हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळे, कारण माल बनवणारी मी होते.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. काहीही सांगा, त्या विचारायच्या, "आणि आपण नसतो तर?"

पहिल्यांदा तो प्रश्न माझ्या वाट्याला आला तो अंबरनाथच्या केंद्रावर. आमच्याकडे खेळणाऱ्या मुलींची शाळेतली हजेरी एकदम वाढली होती. मी तो तक्ता रंगीत प्रिंट काढून नाचवत मॅडमकडे नेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"छान आहे. आणि आपण नसतो तर?"

"म्हणजे काय मॅडम? आपण आहोत म्हणूनच तर वाढली ना!"

"खेळायला न येणाऱ्या मुलींची किती वाढली?"

मला काय माहीत? दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेल्या आणि तासाभरात परत आल्या. खेळणाऱ्या आणि न खेळणाऱ्या, सगळ्याच मुलींची हजेरी सारखीच वाढली होती. शाळेत मुलींसाठी नवे संडास बांधले होते, पाणी आणि कडीसकट. अहवालात मॅडमनी सरळ लिहून टाकलं, की वाढलेल्या हजेरीचं श्रेय मुख्यतः शाळेच्या नव्या संडासांना जातं. क्लबच्या ऑफिसात ते वाक्य म्हणे दोनदोनदा वाचलं गेलं. मी मात्र तापले होते. वर्षभर उन्हात घसा फोडायचा मी आणि श्रेय संडासाला!

मॅचच्या दिवशी त्यांचं आणखी एक तंत्र दिसे. छत्री उघडून त्या मैदानाच्या कडेला बसायच्या, त्याही खेळाकडे पाठ करून. आत गोल होतोय, मुली किंचाळतायत, आणि ह्या बाई कुंपणाकडे बघतायत! कोणाचा बाप आलाय, कोणाची आई मैत्रिणीला घेऊन आलीय, कोण आडोशाला उभं राहून बघतंय, ते टिपून घ्यायच्या. "गोल तू मोज," म्हणायच्या, "मी उंबरा ओलांडणारे मोजते."

एवढं वाचून कोणाला वाटेल, बाई भलतीच कोरडी असणार. मी बदलापूरला मांजर्लीत राहते. एका पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या तळमजल्यावर मुक्कामाला आली. पाणी ओसरल्यावर घरात चिखलाचा थर, फ्रिज आडवा, आईला काय करावं सुचेना. सकाळी दारात वाघमारे मॅडम. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फिनेल, साडी खोचलेली. आत शिरून थेट मोरीपासून सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत तिघी मिळून घर घासत होतो. मध्ये आईने चहा केला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कपाट उन्हात ठेवा, नाहीतर फुगेल." त्या दिवशी त्यांनी कुठलाच प्रश्न विचारला नाही. माझी आई आजही फिनेलची बाटली उघडली की त्यांचं नाव काढते.

त्यांच्या घरी मी खूपदा गेले. अंबरनाथ पूर्वेला, दोन खोल्यांचं, लख्ख घर. शोकेसमध्ये बुद्धाची छोटी मूर्ती आणि भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, जो आमच्याकडच्या कितीतरी घरांत असतो. एकदा मी त्यांना चिडवलं, "मॅडम, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर कधी कोणाला देता येतं का हो?"

त्या भाजी चिरत होत्या. सुरी थांबली. फोटोकडे बघून म्हणाल्या, "एकाच ठिकाणी मला ते नक्की माहीत आहे. हे नसते, तर मी आज कुठे असते, काय उचलत असते, सगळं माहीत आहे. बाकी ठिकाणी शोधावं लागतं. म्हणून तर शोधते. ज्यांनी खरंच काही केलं त्यांच्या रांगेत उगाच कोणी घुसायला नको." आणि पुन्हा भाजी चिरू लागल्या. त्यांच्या कडकपणाचं मूळ मला त्या दिवशी कळलं, आणि संडासाचा रागही तिथेच मावळला.

आता वाडीची गोष्ट सांगते.

वाडी म्हणजे भाताची चार खाचरं, बाकी जंगल. दिवाळीनंतर बरीच घरं वीटभट्ट्यांवर जातात, पोरांना बरोबर घेऊन. मग शाळा सुटते ती सुटतेच. तिथल्या मुली अनवाणी असा बॉल मारायच्या, की कॅम्प चारच्या बूटवाल्या मुली बघत राहायच्या. माझा सगळ्यात जास्त जीव होता तो त्या केंद्रावर. केंद्र सुरू होताना मॅडमनी पालकांना आणि मुलींना काही प्रश्न विचारून ठेवले होते. वर्षभरानंतर तेच प्रश्न पुन्हा विचारायचे, आणि दोन्हींतला फरक म्हणजे आमच्या कामाचा परिणाम.

वर्ष संपलं, उत्तरं आली. कॅम्प चारमध्ये जिकडे तिकडे खूप फरक, फारच छान, आणखी काय हवं! आणि वाडीवर? काही फरक नाही. मुलगी बोलते का? पूर्वीसारखीच. शाळेत जाते का? पूर्वीसारखीच. तब्येत? तशीच. एकूण एक घर, एकूण एक प्रश्न.

फाउंडेशनचे प्रमुख दिनेश सर. माणूस चांगला, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यांनी बैठकीत सांगितलं, की जिथे फरक पडत नाही तिथलं केंद्र बंद करून कॅम्प चारमध्येच आणखी एक काढावं. पुढच्या बैठकीत शिक्कामोर्तब. माझी नोकरी जाणार नव्हती, पण वाडीच्या मुलींचं मैदान जाणार होतं. मैदान गेलं की त्या दिवाळीनंतर विटा उचलायला जाणार, एवढं मला मापाशिवाय दिसत होतं.

मॅडम मात्र ते कागद पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. "वर्षा, 'आता जोरात पळता येतं का' यालासुद्धा 'फरक नाही'? वर्षभर पळून?" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "कारखान्यात एखादी बॅच इतकी एकसारखी आली की मी माल नाही, मोजायचं यंत्र तपासायचे."

दुसऱ्या दिवशी आम्ही वाडीवर गेलो. उन्हाळा होता. बायका बदलापूर स्टेशनला विकायला न्यायची करवंदं निवडत सावलीत बसल्या होत्या. मॅडम त्यांच्यात जाऊन बसल्या आणि कच्ची करवंदं बाजूला काढू लागल्या. मी डोळ्यांनी खुणावत होते, विचारा ना, विचारा! पण त्यांचा नियम होता, उत्तर आवडलं नाही म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारायचा नाही. वाडीवर त्यांना 'मोजणीवाल्या बाई' म्हणत. तिथे मोजायला येणारी माणसं म्हणजे रस्त्यावाली, नाहीतर धरणवाली. मोजणी झाली की काहीतरी जातं, एवढं तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक.

शेवटी चांगुणा बोलली. आमच्या सुमीची आई. सुमी म्हणजे माझी गोलकीपर.

"बाय, आता तं खेल बंद नाय ना होनार? आमी सगल्यांनी सांगला तुमाला, काय फरक नाय म्हनून."

मॅडमचा हात टोपलीतच राहिला. "सगळ्यांनी ठरवून सांगितलं?"

"मंग? फरक परला असा सांगला तं तुमी म्हनाल, झाला यांचा काम, चला आता दुसरीकरं. माज्या धाकट्याचा वजन वाढला, तवा अंगनवाडीचा जादाचा खाऊ बंद झाला. बरा झाला का बंद होतो, बाय. म्हनून आमी बोललो, कोनी बरा झाला म्हनून सांगाचा नाय." आणि ती अशी विश्वासाने हसली, जणू काय एवढं हुशारीचं काम करून तिने आपलं केंद्र वाचवलंच होतं.

ज्या उत्तराने केंद्र टिकेल म्हणून त्यांनी ते दिलं, त्याच उत्तराने ते चाललं होतं. मॅडमनी टोपली भरेपर्यंत करवंदं निवडली आणि उठल्या.

परत येताना टमटममध्ये मी म्हणाले, "सुटलो मॅडम! आता लिहून टाका, वाडीवर फरक पडला."

"नाही लिहिणार."

"अहो, आत्ता ती म्हणाली ना!"

"ती म्हणाली, बंद करू नका. फरक पडला असं ती म्हणालीच नाही. तुला हवं ते तू ऐकलंस."

बदलापूर येईपर्यंत मी तोंड फिरवून बाहेर बघत बसले. त्यांना त्याचं काहीच वाटलं नसावं. स्टेशनला उतरल्यावर म्हणाल्या, "उद्या कॅम्प चारला ये. किशनचाचांकडे."

किशनचाचा कॅम्प चारमधले सिंधी पालक, त्यांचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. मशीनचा आवाज, निळ्या धाग्यांचा ढीग, आणि आल्याआल्या समोर बिस्किटं. चाचांनी प्रश्नावलीत आम्हाला पैकीच्या पैकी मार्क दिले होते.

"चाचा, तुमची दिव्या खेळायला येते ना नियमित?" मॅडमनी विचारलं.

"अरे मॅडम, ती तो कबका छोड दिया! ट्यूशन लागली ना तिला. चाय घ्या, ठंडी हो रही है."

"मग सगळीकडे 'फारच छान' का लिहिलंत?"

चाचांनी कानाला हात लावला. "साईं, आप भी कमाल करती हो! घरी आलेल्या माणसाला कोणी तोंडावर वाईट सांगतं काय? तुमच्या फाउंडेशनची मुलगी एवढ्या उन्हात कागद घेऊन आली. मी म्हणलं, भर दो बेटा, सब बढिया."

चहा पिऊन बाहेर आलो तेव्हा मॅडम रस्त्याच्या कडेला थांबल्या. मग म्हणाल्या, "वाडीनं भीतीपोटी सांगितलं, यांनी भिडेपोटी. आणि मी दोन्ही खरं धरून चालले होते."

पुढच्या बैठकीला मी त्यांच्याबरोबर होते. दिनेश सरांनी अहवाल उघडला, तर मॅडमनी हात वर केला. "तो मी मागे घेते. सगळा."

"सगळा कशाला? वाडीचा घ्या. कॅम्प चारचे आकडे तर उत्तम आहेत. मागच्या मॅचला आपण स्टेडियमच्या स्क्रीनवर दाखवलेत ते!"

"आता स्क्रीनवर सांगावं लागेल की ते चुकीचे होते. तेच माप, सर. एका ठिकाणी खोटं निघालं तर दुसऱ्या ठिकाणी आवडलं म्हणून खरं धरायचं नाही."

"मग फरक पडतोय की नाही, आम्हाला कसं कळणार?"

"आधी शब्द द्या, मग विचारा. उत्तर काहीही येवो, पुढची काही वर्षं वाडीचं केंद्र चालेल, हे आधी त्यांना सांगा. ज्याला उत्तरापायी काही गमवायचं नाही, तोच खरं बोलतो." मग कागद आवरत म्हणाल्या, "आणि पुढचं मोजमाप दुसऱ्या कोणाला द्या. जिचं माप चुकलं तिनं पुन्हा मापायला जाऊ नये. कारखान्यात आम्ही असा वजनकाटा बाहेर ठेवायचो."

दिनेश सरांनी त्यांना थांबवायचा खूप प्रयत्न केला. मीही केला. पण बाई बधल्या नाहीत. सरांचा मोठेपणा असा, की त्यांनी मॅडमचं म्हणणं क्लबपुढे जसंच्या तसं मांडलं, आणि वाडीच्या केंद्राला काही वर्षांची मुदतवाढ घेऊन आले. स्क्रीनवर दुरुस्तीही आली. ती स्टेडियममध्ये किती जणांनी वाचली असेल कोण जाणे, पण आम्ही अंबरनाथला टीव्हीसमोर बसून वाचली.

"आता शब्द द्यायला तुम्ही स्वतः जा," मॅडमनी सरांना बजावलं. "कागद पाठवू नका."

ते गेले. पॉलिश केलेले बूट घालून, वाडीच्या चढावर धापा टाकत. बायकांसमोर उभं राहून म्हणाले, "तुम्ही आम्हाला काहीही सांगा, चांगलं, वाईट, काहीही. पुढची काही वर्षं खेळ बंद होणार नाही." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग चांगुणा म्हणाली, "हितं नाय. चला."

त्यांनी सरांना वेशीवर नेलं. तिथे झाडाखाली वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. वाडीतला मोठा शब्द त्याच्यासमोर दिला जातो. सरांनी बूट काढले, नारळ वाढवला आणि सगळं पुन्हा एकदा, वाघोबाला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणून दाखवलं. मॅडम थोड्या लांब उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले नाहीत. मी बघतेय हे पाहून हळूच म्हणाल्या, "मी मानत नाही. पण त्या मानतात. म्हणजे आता हे पक्कं झालं." आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मी तसं त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मॅडमचं आमच्याकडे येणं थांबलं. पुढे त्या नागपूरला बहिणीकडे राहायला जायचं ठरवत होत्या. जाण्याआधी बदलापूरला आमच्या तिन्ही केंद्रांच्या मुलींचे सामने होते. मी फोन केला, "या ना, आता तर तुम्ही पाहुण्या."

आल्या. वाडीच्या बायका जीपमध्ये दाटीवाटीने बसून आल्या होत्या, ताडपत्री अंथरून कडेला बसल्या होत्या. मॅडम त्यांच्या शेजारी. मी मुलींना आत सोडत होते, तेवढ्यात चांगुणा उठून मॅडमसमोर येऊन बसलेली दिसली.

"बाय, तुमी आता मोजत नाय ना?"

"नाही गं. माझं काम संपलं."

"वाघोबाची आन?"

मॅडम हसल्या. "मला कशाला त्याची आण? खरंच नाही मोजत."

"मंग सांगतो." चांगुणाने पदर नीट केला. "आमी औंदा भट्टीवर गेलो, ना सुमी आलीच नाय. म्हनली, मना खेलाचा हाय, शाला हाय, मी आजीजवल ऱ्हातो. तिचा बाप लय बोलला. तं उभी ऱ्हायली ना सांगला त्याला तोंडावर, मी नाय येनार. माजी छाती धडधड करं. मी उभ्या जल्मात अशी बोलली नाय, बाय. ना बाप गप झाला! भट्टीवर मी विटा थापतो, ना मनात एकच, पोरगी घरी हाय, पोरगी शालंत हाय." ती आणखी पुढे सरकली. "तवा नाय सांगला तुमाला. भ्या वाटं."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. मला वाटलं, आता म्हणतील, वर्षा, हे लिहून घे, आता मोजणाऱ्या नव्या बाईंना कळव. त्यांनी फक्त ताडपत्रीवर सरकून जागा केली, चांगुणाला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "आणखी सांग. सगळं सांग."

पंचांनी शिट्टी दिली म्हणून मला जावं लागलं. सामना संपल्यावर मी परत वळून पाहिलं, तर वाडीच्या सगळ्याच बायका त्यांच्याभोवती गोल करून बसल्या होत्या, एकदमच बोलत होत्या, आणि मधोमध वाघमारे मॅडम, कोणाचं तरी तान्हं पोर मांडीवर घेऊन, एकेकीकडे वळून ऐकत होत्या.